पेडणेकर काकांचा चौथा मजला

दम किती लागला, या प्रश्नाचं उत्तर पेडणेकर काका मजल्यांत द्यायचे.

आमच्याकडे त्यासाठी एक तक्ता होता. जाड पुठ्ठ्यावर एकाखाली एक आकडे आणि प्रत्येकापुढे 'अगदी हलकं', 'थोडं जड', 'फारच जड' असं छापलेलं. पेशंट सायकल मारत असताना मी तो तक्ता धरून बाजूला उभी राहायचे आणि त्यांनी त्यावर नुसतं बोट ठेवायचं. बाकी सगळे ठेवायचे. काका तक्त्याकडे बघायचेच नाहीत. त्यांची नजर समोरच्या दाराच्या चौकटीच्या वर असायची, जिथे लिफ्टचे आकडे उजळत जातात तिथे. आमच्या दारावर त्या जागी भिंतीच्या रंगाचे पोपडे होते.

"दुसरा सुटला," ते म्हणायचे. मग थोड्या वेळाने, "तिसऱ्याच्या अलीकडे. वळणावर."

मी ते तक्त्यावरच्या आकड्यात बसवून लिहायचे. वळण कोणत्या आकड्यात बसतं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

तेव्हा मी मुलुंडच्या एका हॉस्पिटलात, हृदयविकार विभागाच्या मागच्या खोलीत, रिसर्च असिस्टंट होते. खोलीत एक पलंग, टेकून बसायची एक सायकल, मॉनिटर, रक्ताच्या नळ्या गरगर फिरवायचं मशीन आणि बर्फाची पेटी. हार्ट फेल्युअर असलेल्या माणसांनी व्यायाम केला की त्यांच्या हृदयातून एक हार्मोन रक्तात किती सुटतं, ते आम्ही मोजत होतो. पेशंटने अर्धा तास शांत पडून राहायचं, मग पहिलं रक्त. मग सायकल, तिचा भार हळूहळू वाढवत न्यायचा आणि माणूस थकला की लगेच दुसरं रक्त. पुन्हा पडायचं, मग तिसरं. सुई एकदाच टोचायची. माझं काम नळ्या बर्फात ठेवण्याचं, त्यांच्यावर नाव न लिहिता नंबर लिहिण्याचं आणि कमी बोलण्याचं. शेवटचं काम मला कोणी दिलेलं नव्हतं, ते मला आधीपासून येत होतं.

त्या खोलीत येणारे सगळेच दमलेले असायचे. खुर्चीवर बसताना दमायचे, सदऱ्याची बटणं काढताना दमायचे, आपल्याला काय होतंय ते सांगताना दमायचे. संध्याकाळपर्यंत ती दमणूक माझ्याही अंगात उतरायची. घरी आई विचारायची, "एवढं काय करतेस गं दिवसभर?" मी म्हणायचे, "काही नाही. बसून असते."

पेडणेकर काका भांडुपचे. सत्तरीच्या आसपासचे, उंचीने कमी, खांदे अजून रुंद. वडील गिरणीत होते, गाव मालवणकडचं. फोर्टमधल्या एका जुन्या ऑफिसच्या इमारतीत काकांनी जन्मभर लिफ्ट चालवली. जाळीच्या दाराची, पितळी दांड्याची लिफ्ट. आणि त्यांचं स्वतःचं घर लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगीत, चौथ्या मजल्यावर. यावर लोक जे विनोद करतात ते सगळे त्यांना पाठ होते. तरी कोणी करायला लागलं, की ते त्याला पूर्ण करू द्यायचे आणि शेवटी मान हलवायचे.

लिफ्टला ते गाडी म्हणायचे. दाराशी आले की आधी स्वतः आत यायचे नाहीत. दार धरून उभे राहायचे, मागचे सगळे आत गेले की मग. कोणाच्या चेहऱ्याकडे सरळ बघायचे नाहीत. "लहान जागेत बघायचं नसतं," ते मला एकदा म्हणाले, "माणसाला अवघड होतं." मला ते फार बरं वाटलं. माझ्याकडे न बघता माझ्याशी बोलणारा तो पहिलाच माणूस होता. खोलीत गर्दी झाली, म्हणजे डॉक्टर मॅडम, सिस्टर, कोणाचा नातेवाईक असे सगळे एकदम आत आले, की ते पलंगावरूनच हाताचा पंजा उभा करायचे. भरली. त्यांच्या इमारतीत म्हणे साहेब लोकसुद्धा त्या पंज्यापुढे मागे सरायचे. आणि मागे सरलेल्यांसाठी त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "गाडी परत येते." आमच्या सिस्टर लीना एकदा दुसऱ्या पेशंटकडे जाताना "काका, येते हं पाच मिनिटांत," म्हणाल्या, तर त्यांनाही त्यांनी तेच सांगितलं. "जा जा. गाडी परत येते."

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडलेलं नसतं, ते फक्त अशक्त झालेलं असतं, हे आमच्या मॅडम प्रत्येक पेशंटला पहिल्या दिवशी समजावून सांगायच्या. या सगळ्या कामाच्या प्रमुख त्याच. काकांनी ऐकून घेतलं.

"फेल म्हणजे नापासच ना, मॅडम?"

"तसं नाही हो, काका."

"नाही, मला चालेल. नापास झालेल्याला परत बसता येतं."

त्याच दिवशी त्यांनी मला संप्रेरक म्हणजे कोण, असं विचारलं. अभ्यासात भाग घ्यायचा तर सगळं मराठीत समजावलेला एक कागद वाचावा लागायचा, आणि तो कोणीतरी फारच शुद्ध मराठीत लिहिला होता. संप्रेरक म्हणजे हार्मोन, एवढं मी सांगितलं. पुढचं सांगायला माझ्याकडे शब्द नव्हते. मी शाळेपासून हे सगळं इंग्रजीतच शिकले होते. मराठीत मला फक्त घरातलं बोलता यायचं. म्हणून मी घरातलंच बोलले. हृदयात रक्त जास्त साचलं की ते ताणलं जातं. ताणलं गेलं की ते एक रस सोडतं. तो रस शरीराला सांगतो, की भार फार झालाय, मीठ-पाणी बाहेर टाका, नसा जरा सैल सोडा. व्यायाम केला की भार वाढतो, म्हणून रसही वाढतो.

काकांनी छताकडे बघत विचार केला.

"म्हणजे ओव्हरलोडची बेल."

ते पुढे बोलत राहिले. त्यांच्या गाडीला शेवटच्या काही वर्षांत तशी बेल बसवली होती. माणसं जास्त झाली की वाजायची. "मग सगळे एकमेकांकडे बघतात. कोण उतरणार? कोणी हलत नाही. मग मी शेवटी आलेल्याला म्हणायचो, साहेब, गाडी परत येते. तो उतरला की बेल बंद, गाडी चालू. सोपं आहे."

"काका, गप पडा जरा," सिस्टर लीना म्हणाल्या. "अर्धा तास शांत पडायचंय. बोललात की परत पहिल्यापासून."

मग ते कुजबुजत बोलायला लागले. कुजबुजणं मला जमतं. त्यामुळे अभ्यासाच्या त्या अर्ध्या तासांत मला त्यांच्याबद्दल जे कळलं, ते सगळं हळू आवाजातलं आहे.

काकूंचे गुडघे गेले होते. त्या वर्षाकाठी एखाद्या लग्नाला नाहीतर दवाखान्यात जायला खाली उतरायच्या, दोघांनी धरून. बाकी भाजी, दूध, दळण, गॅसवाल्याच्या मागे लागणं, सगळं काकांच्या पायांवर. संदेश, त्यांचा मुलगा, वांद्र्याला ऑफिसात होता आणि कांदिवलीला उंच टॉवरमध्ये राहायचा. त्याचं म्हणणं, भांडुपचं घर विकूया, तुम्ही दोघं माझ्याकडे या. वाईट मुलगा नव्हता. काकांनीच तसं सांगितलं. "तिथे तीन गाड्या आहेत. चालवणारा एक पण नाही. एक बाई बोलते आतून, कुठला मजला आला ते. बोलते, पण बघत नाही." मग जरा थांबून म्हणाले, "मी त्या घरातून जाणार नाही, बाय. हिला पण जायचं नाही. तिची गॅलरी आहे. संदेशला मी सांगितलंय, मोठ्या डॉक्टर मॅडम मोजून सांगतील, मला चौथा झेपतो की नाही. झेपत असेल तर तू गप्प बसायचं."

तर आमच्या सायकलवर ते त्यासाठी बसत होते. प्रत्येक खेपेला, दुसरं रक्त निघून मी नळी बर्फात ठेवत असताना, ते विचारायचे, "चौथा आला का?" मॅडम सांगायच्या, की सायकलवरून मजले काढता येत नाहीत. ते हो म्हणायचे आणि पुढच्या खेपेला परत विचारायचे.

त्या गॅलरीत त्यांनी कप्पी लावली होती. दोर, प्लास्टिकची निळी बादली, आणि दोराच्या वरच्या टोकाला देवघरातली जुनी घंटा. खालून भाजीवाल्याने दोर ओढला की वर घंटा वाजायची. "आमची गाडी," ते म्हणायचे. "ओढते ती. हात चांगले आहेत तिचे. मी सांगतो, थांब, सोड, आता ओढ." म्हणजे बादलीसाठीसुद्धा लिफ्टमन लागायचाच.

सायकलसाठी बूट लागायचे. संदेशने पांढरे कॅनव्हासचे घेऊन दिले होते, पण काका घरून चप्पल घालून यायचे. जिन्याला चप्पल बरी, पायाखालची पायरी कळते, असं त्यांचं म्हणणं. मग बूट आमच्याच कपाटात राहायला लागले, बर्फाच्या पेटीच्या वरच्या खणात. ते कधी मळले नाहीत, कारण त्यांनी जमिनीवर एक पाऊलही टाकलं नव्हतं. पलंगावरून सायकलवर, सायकलवरून पलंगावर.

पहिल्या खेपेच्या रक्ताचे आकडे आले, तेव्हा मॅडमनी मला बोलावलं.

"हा विश्रांतीचा आकडा वाटत नाहीये. अर्धा तास झोपले होते ना?"

"हो."

"मग एवढा कसा? सायकलच्या आधीच एवढा वर असेल, तर सायकलने वाढला किती ते कसं कळणार?"

मला माहीत नव्हतं. ते कळलं त्यांच्या दुसऱ्या खेपेला, आणि तेही मी त्या दिवशी चहा घेऊन खालून येत होते म्हणून. हॉस्पिटलच्या लिफ्टसमोर नेहमीचा घोळका होता. काका पुढे होते, इस्त्रीचा दोन खिशांचा शर्ट, हातात छत्री. गाडी आली, दार उघडलं आणि तेवढ्यात बाजूने स्ट्रेचर आलं. वॉर्डबॉय "साइड, साइड" ओरडत होता, कोणी हलत नव्हतं. काकांनी पंजा उभा केला. माणसं खरोखर थांबली. त्यांनी दार धरलं, स्ट्रेचरचं चाक फटीतून उचलून दिलं, बरोबरच्या बाईला आत घेतलं आणि स्वतः बाहेर आले. "गाडी परत येते," मागच्यांना म्हणाले. गाडी परत आली, तेव्हा व्हीलचेअरवरची एक म्हातारी होती. त्यांनी पुन्हा तेच केलं. तिसऱ्यांदा त्यांनी वाटच पाहिली नाही. घोळक्यातून निघाले आणि जिन्याकडे वळले.

आमची खोली तिसऱ्या मजल्यावर होती.

मी मागून चढले. त्यांना दिसणार नाही इतकी मागून. प्रत्येक वळणावर ते भिंतीला लागून उभे राहायचे, छत्री अंगाशी धरून, वरून येणाऱ्या कोणाला तरी वाट देत असल्यासारखे. वरून कोणीच येत नव्हतं. भिंतीकडे बघत ते तसेच उभे राहायचे, मग तो नसलेला माणूस गेला असं समजून पुढची पायरी चढायचे. त्यांच्या श्वासाचा आवाज मला एक मजला खालून ऐकू येत होता. मी पण थांबत होते. चहा गार झाला.

खोलीत गेल्यावर सिस्टर लीनांनी विचारलं, "आले कसे?"

"आलो," काका म्हणाले.

मी मॅडमना सांगितलं. त्या आधी हसल्या आणि मग चष्मा काढून डोळे चोळत बसल्या. त्या दिवशीची तपासणी रद्द झाली. पुढल्या आठवड्यापासून त्यांना खालच्या दारापासून व्हीलचेअरवर आणायचं ठरलं. तो अपमान त्यांनी निमूट सोसला. म्हणजे खुर्चीत बसले, पण लिफ्टमध्ये खुर्ची बटणांच्या बाजूला लावून घेतली, आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला न बघता विचारत गेले, "कितवा?" वॉर्डबॉय मला नंतर म्हणाला, "यार, तिसऱ्यावर पोचलो आणि हे उतरायलाच तयार नाहीत. म्हणे, सातव्याची माणसं आहेत आत, त्यांना सोडून येतो."

त्यांचे पाय सुजायचे. मोजे उतरवले की घोट्याच्या वर रबराचा खोल वळ दिसायचा. मीठ कमी करा, हे मॅडमनी किती वेळा सांगितलं असेल. ते अगदी शपथेवर सांगायचे, "वरचं मीठ बंद. ताटात मिठाचा कण नसतो." वजन मात्र वाढत होतं. शेवटी मॅडमनी मला काकूंना फोन लावून द्यायला सांगितला आणि स्पीकरवर विचारलं, की काल काय जेवले.

"जेवण काय गो, साधाच," काकू म्हणाल्या. "कुळथाची पिठी, भात, नि सुक्या बांगड्याचो तुकडो. मीठ नाय हां वरसून. मीठ बंद असा आमच्याकडे."

मॅडमनी डोळे मिटले. सुका बांगडा मिठातच मुरलेला असतो, हे मुंबईत राहणाऱ्या कोणालाही माहीत असतं. काकूंनाही माहीत होतं. पण ते मीठ त्यांनी घातलेलं नव्हतं, समुद्रकाठच्या कोणीतरी घातलेलं होतं. त्यामुळे ते त्यांच्या हिशोबात येत नव्हतं.

"बांगडा पण बंद, काका," मॅडम म्हणाल्या.

काकांनी मोजे वर ओढले. मग माझ्याकडे वळून, म्हणजे माझ्या खांद्याच्या जरा बाजूला बघत, त्यांनी विचारलं, "तू कुळथाची पिठी खातेस काय?"

"कधी खाल्ली नाही."

"मुलुंडात राहतेस आणि पिठी खाल्ली नाहीस," ते म्हणाले. "इंग्लिश मीडियम."

ते शेवटचे आले, त्या खेपेला संदेश बरोबर होता. ऑफिसला सुट्टी टाकून आला होता, गळ्यात ओळखपत्राची पट्टी तशीच राहिलेली. तो खिडकीपाशी उभा राहिला आणि काका सायकलवर चढले. पांढऱ्या बुटांच्या नाड्या मी बांधल्या, कारण वाकलं की त्यांना दम लागायचा.

त्या दिवशी पॅडलवर पाय ठेवल्यापासून मला काहीतरी वेगळं वाटत होतं. ते दाराच्या वर बघत होते, पण ओठ घट्ट मिटलेले होते. मी तक्ता धरला.

"पहिला," ते म्हणाले.

सिस्टर लीनांनी भार वाढवला. मॉनिटरवरचे ठोके वाढत गेले. मी पुन्हा विचारलं.

"पहिलाच."

भार आणखी वाढला. त्यांच्या कपाळावरचा घाम भुवयांत उतरला होता. मान पुढे येत होती. मुलाकडे ते एकदाही बघत नव्हते.

"काका?"

"पहिला," ते म्हणाले. आवाज निघाला नाही, नुसते ओठ हलले, आणि ते ओठ जांभळे पडत चालले होते. सिस्टर लीनांनी पटकन भार काढला, त्यांना मागे टेकवलं, रक्त घेतलं. संदेश खिडकीपासून दोन पावलं पुढे आला आणि तिथेच थांबला, काय करायचं हे न कळून. मी नळी बर्फात ठेवली. नळी हातात गरम लागते, हे नेहमीचंच होतं, पण त्या दिवशी ते मला जाणवलं.

बऱ्याच वेळाने, ते पलंगावर असताना, मॅडम आल्या.

"काका, तुम्ही आम्हाला खोटं सांगितलंत."

"मजले माझे आहेत, मॅडम," ते म्हणाले.

मॅडम रागावल्या नाहीत. स्टूल ओढून बसल्या. आधीच्या खेपांचे आकडे त्यांच्याकडे आले होते, व्हीलचेअरवरून आणलेल्या दिवसांचे. त्यांनी सांगितलं, की तुम्ही तोंडाने काहीही सांगा, रक्त सांगायचं ते सांगतंय. तुम्ही पडून असतानासुद्धा हृदय तो रस सोडतंय, आणि सायकलवर तर कितीतरी पट जास्त.

काकांनी मला विचारलं, त्यांना नाही. "बेल ना?"

"हो."

"पडून असताना पण वाजते?"

"हो."

"मग कोणी उतरत का नाही?"

मी मॅडमकडे पाहिलं. मॅडम म्हणाल्या, सांग. मग मी सांगितलं. आजार जुना झाला, की शरीर त्या रसाचं ऐकेनासं होतं. हृदय सोडत राहतं, पण मीठ-पाणी पुरेसं बाहेर पडत नाही, नसा सैल होत नाहीत. म्हणून तर गोळ्या देतात. मी हे हळू बोलले, तरी खोलीत सगळ्यांना ऐकू गेलं.

काका छताकडे बघत होते.

"वाजवत राहते बिचारी," ते म्हणाले.

त्यानंतर संदेशने विचारलं. त्याला बहुधा ते सकाळपासून विचारायचं होतं. "मॅडम, मला एकच सांगा. हे चौथ्या मजल्यावर राहू शकतात का? हो की नाही. मी सांगून ऐकत नाहीत, तुम्ही सांगा."

"बाबांसमोर भांडू नका," मॅडम म्हणाल्या.

"भांडत नाही मी. रोज ऑफिसात फोन वाजला की आधी भांडुपचा नंबर आहे का बघतो मी. जिन्यात पडले तर कोण बघणार? आई खाली पण येऊ शकत नाही."

मॅडम संदेशकडे वळल्या. "राहू शकतात," त्या म्हणाल्या. "रोज चढ-उतर करू शकत नाहीत. सामान घेऊन तर मुळीच नाही. अगदी लागलं तर कधीतरी, प्रत्येक मजल्यावर बसत बसत. ते पण आत्ता. पुढचं मी सांगू शकत नाही."

"राहू शकतो म्हणाल्या," काका म्हणाले.

"बाबा, पुढचं ऐकलंत का?"

"ऐकलं."

"काय ऐकलंत?"

काका उठून बसले, चपला पायांनी शोधल्या आणि दाराशी जाऊन दार धरून उभे राहिले, मुलगा आधी बाहेर पडेपर्यंत. बूट पलंगाखाली राहिले. मी ते कपाटात ठेवले.

पुढच्या तारखेला ते आले नाहीत. मी फोन केला. काकू म्हणाल्या, "बरे असत गो ते. खाली तेवढे उतरनत नाय." त्याच्या पुढच्या तारखेला पण हेच. संदेश दर रविवारी येऊन आठवड्याचं सामान टाकून जातो, गोळ्या आणून देतो, डॉक्टर फोनवर बघतात. घर विकायचं बोलणं बंद झालं होतं. मॅडम म्हणाल्या, अभ्यासातून त्यांचं नाव काढ, आता त्यांना बोलावणं बरं नाही. कपाटात दुसऱ्या कोणाचं सामान ठेवायचं होतं. बूट तेवढे राहिले.

मुलुंडहून भांडुप लांब नाही. एका शनिवारी दुपारी मी ते पिशवीत घालून निघाले. कोणाच्या घरी न सांगता जायची मला सवय नाही. रिक्षात बसल्यावर काय बोलायचं ते मी ठरवत होते. चढावरची गल्ली, खाली इस्त्रीवाला, आणि वर चौथ्या मजल्यावरून खाली सोडलेला दोर. निळी बादली भिंतीच्या खिळ्याला अडकवलेली. मी जिन्याच्या तोंडाशी जाऊन वर पाहिलं. पायऱ्या उंच होत्या, जुन्या बिल्डिंगीत असतात तशा. मग मी परत बाहेर आले आणि आधी दोर ओढला. न कळवता दारात उभं राहायला नको म्हणून.

वर घंटा वाजली. कोणी आलं नाही. मी पुन्हा ओढला. इस्त्रीवाला म्हणाला, "येतील, येतील. टाइम लागतो त्यांना."

काकू आल्या. गॅलरीच्या कठड्यावरून वाकून मला बघितलं, आत वळून काहीतरी म्हणाल्या. मग पुन्हा कोणीच नाही. नंतर स्टूल सरकवल्याचा आवाज आला आणि त्यांच्या बाजूला काकांचं डोकं दिसलं. तोच दोन खिशांचा शर्ट, इस्त्रीचा. चेहरा सुजल्यासारखा वाटला, किंवा खालून तसा दिसला.

"काका, तुमचे बूट," मी म्हणाले. माझा आवाज दुसऱ्या मजल्यापर्यंत गेला असेल नसेल. मला गल्लीत ओरडता येत नाही. आणि त्यांना तेवढा श्वास नव्हता. ते काकूंना काही सांगायचे आणि काकू खाली ओरडायच्या.

"इचारतत, सायकल बरी असा मा तुमची?"

"बरी आहे," मी जमेल तेवढं मोठ्याने म्हणाले.

"म्हनतत, बूट कित्याक आणलंस? सायकल तर थयच रवली."

यावर काय बोलायचं, ते मी रिक्षात ठरवलेलं नव्हतं. "त्यांचे आहेत," मी म्हणाले. मग म्हणाले, "मी वर येते." आणि जिन्याकडे वळले.

काकांनी पंजा उभा केला.

मी थांबले. आमच्या खोलीत तो पंजा उभा राहिला की मॅडमसुद्धा मागे सरायच्या. मी बादली खिळ्यावरून काढली, बूट आत ठेवले, नाड्या लोंबू नयेत म्हणून आत खोचल्या. वर काका दोरावर हात ठेवून बसले होते. त्यांनी मान हलवली आणि काकू ओढायला लागल्या. कप्पी करकरत होती. बादली पहिल्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांजवळ आली, तसं त्यांनी काहीतरी म्हटलं आणि काकू थांबल्या. बादली स्थिर झाली, मग पुन्हा वर. ते बादलीकडे बघत नव्हते. ते समोर, वर, कठड्याच्या पलीकडच्या मोकळ्या जागेत बघत होते.

बूट वर पोचले. काकूंनी ते काढून घेतले. मी पिशवीची घडी घालून निघाले.

"जातंस खंय?" काकूंचा आवाज आला. "थांब म्हनतत. गाडी परत येता."

मी थांबले. बादली सावकाश उतरत आली, मध्ये दोनदा थांबत. तिच्यात प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेलं कुळथाचं पीठ होतं. बादली जमिनीला टेकली तसा दोर सैल पडला, आणि वर काकांनी हात एका बाजूला सरकवला, जाळीचं दार उघडतात तसा. मी पीठ उचललं, वळले आणि गल्लीच्या टोकाशी जाऊन एकदा मागे पाहिलं. हात अजून तसाच बाजूला धरलेला होता.